मशीन अडकता कामा नये

त्या सकाळी मी दात घासत पडवीत आले, तर टँकर जागेवर नव्हता. अंगणातल्या सिमेंटवर त्याच्या नळातून ठिबकलेल्या पाण्याचा ओला डाग तेवढा होता. ब्रश तोंडात तसाच धरून मी स्वयंपाकघरात धावले. आई ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होती, म्हणजे पिठात हात घालून नुसती उभी होती.

"मी न्हाणीत व्हते," ती म्हणाली. "आवाज आला न् बाहेर येऊन बघते तं गेलेले."

बाबांना मेंदूचा झटका येऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. हातापायांना काही झालं नाही, बोलणं स्वच्छ राहिलं, म्हणून येणारा-जाणारा म्हणायचा, थोडक्यात वाचलात. काय गेलं होतं ते बाहेरून दिसत नव्हतं. डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दोन्ही डोळे चांगले आहेत, पण मेंदूचा जो भाग डावीकडचं पाहतो तो गेला आहे. समोर बघताना डाव्या बाजूचं अर्धं जग त्यांना दिसत नाही.

"मग त्यांना तिकडे काळं दिसतं का?" मी विचारलं होतं.

"तीच तर पंचाईत आहे. काळं दिसत नाही. मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो. रस्ता असेल तर रस्ता, भिंत असेल तर भिंत. त्यामुळे आपल्याला काही दिसत नाही, हेच त्यांना पटणार नाही. गाडी मात्र पूर्ण बंद."

आणि बाबा तर ड्रायव्हर. करंजाड्याला नवी वस्ती झाली तेव्हा आमची शेतं त्यात गेली. त्यानंतर बाबांनी पाण्याचा टँकर घेतला आणि पंचवीस वर्षं तो स्वतः चालवला. ज्या बांधावरून ते लहानपणी बैल नेत, तिथे आता सात मजल्यांच्या सोसायट्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्या सोसायट्यांना नळाचं पाणी पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये बाबांचा फोन घनघन वाजत राही. त्या महिन्यांत ते घरात एखाद्या मोठ्या माणसासारखे वावरत. झटक्यानंतर फोन वाजतच होता आणि ते दर वेळी उठून अंगणात जाऊन टँकरभोवती एक फेरी मारून येत होते.

तासाभराने टँकर आला. बाबा उतरले, लुंगी झाडली आणि चहा मागितला. मी गाडीच्या डाव्या बाजूला गेले. मागच्या चाकाच्या वर, टाकीच्या कडेला हातभर लांबीचा ओरखडा होता. त्यात हिरवा रंग भरला होता, कुणाच्या तरी गेटचा.

"हे काय आहे, बाबा?"

"जुना हाय."

"परवा मी स्वतः गाडी धुतली. नव्हता."

"मंग तू नीट बघितला नसशील."

मग जे व्हायचं ते झालं. मी ओरडले, तेही ओरडले. आई मध्ये पडून रडायला लागली. मी म्हटलं, चला, आजच्या आज नजरेची तपासणी करू. ती तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि बाबांनी दोनदा टाळली होती.

"त्या डबीत डोका घालून ठिपके मोजायचे," ते म्हणाले. "त्याचा न् गाडीचा काय संबंध? मना सगलं दिसतं. माझी परीक्षा घ्यायची हाय ना? गाडीवर घे."

"गाडीवर कशी घेऊ? समोर शाळेतली पोरं चालतात. एखादं चाकाखाली आलं म्हणजे कळेल, की पास झालात की नापास?"

त्यांनी टँकरकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉम्प्युटरवर चालवून दाखवाल?"

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मोठी वाहनं चालवायचा गेम खेळायची. तिच्याकडे स्टिअरिंग होतं, पायाखाली दाबायची पेडलं होती. जेवणाच्या सुट्टीत ती त्याचे व्हिडिओ दाखवत असे. हे बाबांना सांगितल्यावर ते आधी हसले. मग त्यांच्या डोळ्यांत एक हट्टाची चमक आली. ती मला चांगली ओळखीची आहे, कारण तोच हट्ट माझ्यातही आहे.

"दाखवतो," ते म्हणाले. "पन बटनांवर नाय चालवनार. स्टिअरिंग पायजे. न् एक सांगतो. मशीन अडकली तं ती माझी चूक धरायची नाय. तुजा तो डबा एक फाईल उघडायला चहा होईस्तवर वेळ घेतो, मना म्हाईत हाय."

"ठीक आहे."

"न् मी पास झालो, तं परत मना कोनी थांबवायचं नाय. तू नाय, तुजी आई नाय."

रविवार ठरला. तोवर चावी आईकडे राहणार होती. मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण मी काय मान्य केलं, ते आत खोलीत आल्यावर लक्षात आलं. बाबा नशिबाने पास झाले असते, तर माझ्याच शब्दाने मी त्यांना रस्त्यावर सोडलं असतं.

तो डबा म्हणजे माझ्या टेबलाखालचा डेस्कटॉप. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑफिसने घेतलेली मशीनं मोडीत काढली, त्यातलं एक मी घरी आणलं होतं. साध्या दोन खोल्यांच्या नकाशाला ते चालायचं. गेम टाकून पाहिला, तर रस्ता पडद्यावर यायलाच पाच मिनिटं लागली. मग ट्रक सरकण्याऐवजी उड्या मारू लागला. इथे दिसला, नाहीसा झाला, एकदम वीस फूट पुढे. डोळे शाबूत असलेली मीसुद्धा पहिल्याच चौकात सिग्नलच्या खांबावर आदळले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी तो कॅबिनेट घेऊन रिक्षाने पनवेलच्या बाजारात गेले. तिथे एक जुनं दुरुस्तीचं दुकान आहे. मालक कोकणी मुसलमान, वय साठीचं. आखातात बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून ते परत आले होते. ऑफिसची मशीनं त्यांच्याकडेच जात, म्हणून मला ओळखत होते. त्यांनी झाकण उघडलं, आतली धूळ बघून "या अल्ला" म्हणाले आणि फुंकर मारायच्या आधी मला दोन पावलं मागे सरकायला सांगितलं.

"यावर गेम चालेल का, एवढंच सांगा," मी म्हटलं.

"कुणासाठी? मुलासाठी?"

"वडिलांसाठी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला ते सगळं सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं. ओरखड्याचंही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे ताई, मशीन एकदा जरी अडकलं तर तुमचे वालिद मशीनवर बोट ठेवणार."

"हो."

"मग बरोबर बघायला पाहिजे. पोरांचं काम असतं तर मी सांगितलं असतं, चालतंय, घेऊन जा."

त्यांनी एकेक भाग दाखवत हिशेब मांडला. प्रोसेसर जुना, पण त्या काळातला चांगला होता, तो निभावेल. रॅम दुप्पट करायची. हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी घालायची, नाहीतर दर नव्या चौकात रस्ता लोड होताना झटका बसेल. पडद्यावर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड मुळात नव्हतंच, आणि खरी अडचण तिथेच होती. ऑफिसचा कॅबिनेट अंगाने बारीक, त्यात मोठं कार्ड मावत नाही. आणि वीज पुरवणारा डबा इतका लहान, की मोठ्या कार्डाला तो पुरा पडणार नाही.

"जोराचं कार्ड लावलं तर ऐन वेळेला मशीन बंद पडेल," ते म्हणाले. "हळू चाललं तरी परवडलं, बंद पडलेलं नाही परवडणार."

मागच्या फळीवरून त्यांनी एक बुटकं कार्ड काढलं. कुणाच्या तरी मशीनमधून निघालेलं होतं; काम झालं की परत आणून द्या, म्हणाले. ते बसलं, वेगळी वायर लागली नाही. दुकानातच गेम चालवला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक हिरवा आकडा आणून ठेवला.

"दर सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात, त्याचा हा आकडा. साठ म्हणजे पाण्यासारखं. चाळीसच्या खाली गेलं की डोळ्याला टोचायला लागतं. पंचविसाला गाडी उड्या मारते."

आकडा सत्तावनवर होता. ट्रक खरोखर पाण्यासारखा सरकत होता. मला इतका आनंद झाला, की मी तिथेच त्यांचे आभार मानायला लागले. त्यांनी हात वर केला.

"दहा मिनिटं कुठलंही मशीन पळतं, ताई. घरी नेऊन अर्धा तास चालवा. ह्या आकड्यावरून नजर काढू नका. मग बोलू."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. घरच्या खोलीत, संध्याकाळच्या उकाड्यात, बाराव्या मिनिटाला पंखा विमानासारखा ओरडू लागला आणि आकडा उतरायला लागला. पन्नास, चव्वेचाळीस, छत्तीस, एकोणतीस. कॅबिनेटला हात लावला तर भाजत होतं. बाबा दारातून डोकावले.

"दमली वाटतं तुजी मशीन," एवढंच म्हणून ते गेले. शुक्रवार होता.

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर कॅबिनेट घेऊन उभी होते. मालकांनी प्रोसेसरवरचा पंखा काढला. त्याच्याखाली उष्णता ओढून घेणारी जी पेस्ट असते, ती वाळून खडूसारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली, पंखाही बदलला. "झाकण उघडंच ठेवा उद्या," ते म्हणाले. "आणि टेबलफॅन बाजूला लावा. दिसायला बरं नाही दिसणार, पण टिकेल."

घरी आल्यावर बाकीचं माझ्याकडे होतं. गेममध्ये काय काय कमी केलं की आकडा वर राहतो, ते मी तपासत बसले. सावल्या काढल्या. लांबची झाडं, इमारतींची चकाकी काढली. आरसे अंधुक केले, तर आकडा एकदम बाराने वाढला. पण मग थांबले. बाबा पहिल्यांदा काय म्हणतील, ते मला माहीत होतं: आरशात दिसत नाय, तं मी काय करू? आरसे पुन्हा स्वच्छ केले. एका आडव्या-तिडव्या शहरातून अर्धा तास गाडी चालवली. आकडा एकदाही अठ्ठेचाळीसच्या खाली गेला नाही.

मग मी ते केलं, जे पुढे मला बोचत राहिलं. गेममध्ये आपल्यासारखं डावीकडून गाड्या चालणाऱ्या देशाचे रस्ते होते. एक रस्ता सरळ, महामार्गाचा. एक समुद्राकाठचा. एक शहरातला, डाव्या हाताला फुटपाथ, सायकलींची पट्टी, दर थोड्या अंतरावर डावं वळण. मी तिन्ही चालवून पाहिले. महामार्गावर बाबा निभावून नेतील, असं मला वाटलं. शहरात नाही. मी शहर निवडलं. बाबांनी विचारलं, एकच रस्ता हाय का? मी सांगितलं, हाच एक मिळतो. हा सापळा होता आणि तो मी माझ्या बापासाठी लावत होते. त्यांच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करत होते आणि मी स्वतः खोटं बोलले होते.

रविवारी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. लायसन्सच्या परीक्षेला जावं तसे. मैत्रिणीचं स्टिअरिंग मी टेबलाच्या कडेला घट्ट आवळून ठेवलं होतं, पेडलं खाली, शेजारी टेबलफॅन, उघडा कॅबिनेट. मागे कपाटावर माझा फोन पडद्याकडे तोंड करून ठेवला होता आणि त्यात रेकॉर्डिंग लावलं होतं. त्यांना ते दाखवलंही. आई दारात येऊन उभी राहिली.

"क्लच कुठंय?"

"क्लच नाही. गियर आपोआप पडतात."

"मंग ही कसली गाडी," ते पुटपुटले, पण बसले.

हिरवा आकडा मी त्यांना समजावून सांगितला. चाळीसच्या खाली गेला तर फेरी रद्द, हा नियम दोघांनी मान्य केला. सरावाला पंधरा मिनिटं दिली. पाच मिनिटांतच त्यांचे हात बसले. मी कितीही धडपडले तरी माझा ट्रक डुलायचा, त्यांचा नाही. वळणाआधी ते किंचित उजवीकडे घेत, मग सावकाश आत. लांब गाडी वर्षानुवर्षं वळवलेल्या माणसाचं ते वळण होतं.

पहिली फेरी सुरू झाली. सहा मिनिटं नीट गेली. सातव्या मिनिटाला आकडा एकाएकी चोपन्नवरून सत्तावीसवर आला. पडदा थबकला, उचकी दिल्यासारखा पुढे गेला, आणि ट्रकची डावी बाजू बसथांब्यात घुसली.

"बघ!" बाबा स्टिअरिंग सोडून ओरडले. "अडकली! सांगितलेलं ना मी!"

"पन तो थांबा तं कवापासून दिसत व्हता," आई दारातून म्हणाली.

"तुना काय कलतंय त्यातलं?"

मी गेम बाजूला सारून पाहिलं. मशीन मागच्या मागे कसलं तरी अपडेट उतरवत होतं. इंटरनेट बंद करायला मी विसरले होते. थांबा दिसत होता, हे मलाही माहीत होतं. पण आकडा सत्तावीस होता आणि नियम नियम होता.

"नाही आई," मी म्हटलं. "मशीन अडकली. ही फेरी धरायची नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे अपेक्षित नसावं. ते पाणी प्यायले, लुंगीला तळवे पुसले. मी इंटरनेटची वायर काढून हातातच धरली आणि दुसरी फेरी सुरू केली.

या वेळी आकडा पन्नास ते छप्पन्नमध्ये खिळून राहिला. एक डोळा मी आकड्यावर ठेवला होता, दुसरा रस्त्यावर. बाबा सुरेख चालवत होते. सिग्नलला थांबले. समोरून आलेल्या बसला वाट दिली. डावीकडच्या एका उभ्या मोटारीला चार बोटांच्या अंतराने चुकवलं. ती त्यांना लांबून, समोर असतानाच दिसली असणार. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली. खोलीत पंख्यांशिवाय आवाज नव्हता. आणि मला कळलं, की माझी मनःस्थिती पालटली आहे. हे पास व्हावेत, डॉक्टर चुकलेले असावेत, सोमवारी सकाळी यांनी हॉर्न वाजवत अंगणातून बाहेर पडावं, असं मला वाटू लागलं होतं. मीच लावलेला सापळा त्यांनी चुकवावा म्हणून मी देवाला हात जोडत होते.

बाराव्या मिनिटाला डावं वळण आलं. फुटपाथवरून पिवळा टी-शर्ट घातलेली एक मुलगी सायकलवर आली. सायकलींच्या पट्टीत उतरली. सरळ जात राहिली. ती मला स्वच्छ दिसत होती. बाबांनी डावा इंडिकेटर दिला. किंचित उजवीकडे घेतलं, नेहमीसारखं. मग सावकाश, अगदी हलक्या हाताने, गाडी आत वळवली. मी बोलले नाही. बोलायचं नाही हे ठरलं होतं. माझ्या हातातली वायर मुठीत रुतत होती.

आवाज झाला. पडदा थांबला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. खरंच विचारलं. "का थांबली?"

"सायकल होती."

"कुठं?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि त्यांना ट्रकच्या पुढच्या चाकाशी पडलेली पिवळी आकृती दिसली.

"ही आता मधीच टाकली मशीननी. व्हतीच नाय ती."

"आकडा बघा, बाबा."

त्रेपन्न. त्यांनी पुढे वाकून स्वतः वाचला. "एकदम कमी होऊन परत वर आला असंल. तुजं लक्ष नसंल."

मी कपाटावरून फोन काढला, रेकॉर्डिंग मागे नेलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातभर अंतरावर, नजरेच्या उजव्या अंगाला धरला. इतक्या छोट्या पडद्यावर सगळं चित्र त्यांच्या चांगल्या बाजूला आलं. मुलगी फुटपाथवर दिसली. पट्टीत उतरली. ट्रकच्या शेजारून सायकल चालवत राहिली. कोपऱ्यातला आकडा हलला नाही. ट्रक वळला.

त्यांनी ते पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी बोटाने चित्र थांबवलं. मुलगी अजून ट्रकच्या बरीच पुढे होती.

"ही कवा आली?" ते म्हणाले. आवाज अगदी लहान होता. "मना तं रस्ता दिसत व्हता. मोकला रस्ता."

आई दारातून आत आली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तो त्यांनी झटकला नाही, पण उठून बाहेर गेले.

खिडकीतून मी पाहिलं. ते अंगणात टँकरकडे पाठ करून उभे होते. समोरच्या शेवग्यावर नजर लावून त्यांनी डावा हात बाजूला नेला, मग हळूहळू समोर आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. एका जागी थांबून ते हाताकडे बघत राहिले, मग हात परत मागे नेला. किती वेळ ते हे करत होते, कोण जाणे. मी खिडकीतून बाजूला झाले. ते मी पाहायला नको होतं.

दुपारी एका सोसायटीचा फोन आला. बाबांनी उचलला. "आज गाडी नाय," ते म्हणाले. पलीकडचा माणूस काहीतरी विचारत राहिला. "गाडी हाय वो. चालवनारा नाय."

सोमवारी मी कार्ड परत द्यायला दुकानात गेले. मालकांनी विचारलं, "मशीन टिकलं?"

"टिकलं."

"अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले, आणि कार्ड परत फळीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात बाबा आपण होऊन तपासणीला गेले. डबीत डोकं घालून ठिपके मोजले. हातात आलेल्या कागदावर दोन गोल होते आणि दोन्ही गोलांची डावी बाजू काळी होती. रिक्षात त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तेव्हा, का कोण जाणे, मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की रस्ते तीन होते. महामार्गाचाही होता. शहराचा मी मुद्दाम निवडला.

त्यांनी खिशातला कागद चाचपला.

"बापाला फसवलंस," ते म्हणाले.

"हो."

"मी इचारलेलं तुना. एकच रस्ता हाय का म्हनून."

"हो, बाबा."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईमार्फत निरोप द्यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर ते चपला घालून दारात उभे होते. "बाजारापर्यंत येतो," म्हणाले. एवढंच. माफी मी मागितली होती, पण ती मिळाली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

टँकर आता कोन गावचा एक माणूस चालवतो. बाबा घरी बसून फोन घेतात, कुणाला किती वाजता पाणी, ते ठरवतात. पहिले काही दिवस त्या ड्रायव्हरचं काहीच त्यांना पसंत पडत नव्हतं. गाडी लावली तरी वाकडी, धुतली तरी कशीबशी. आता त्याच्यासाठी दुपारचा डबा भरायला तेच आईला सांगतात.

डॉक्टरांनी मान फिरवून बघण्याचा सराव दिला आहे. त्यात बाबांची प्रगती आहे, पण विसरतातही. मध्यंतरी करंजाड्याच्या चौकात आम्ही रस्ता ओलांडत होतो. मी त्यांच्या डाव्या बाजूला चालत होते आणि सवयीने त्यांचा दंड धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला.

"थांब. मना बघू दे."

त्यांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मान डावीकडे वळवली, खांद्यापर्यंत, अगदी पुरी. रस्ता मोकळा होता. तरी ते तसेच उभे राहिले आणि त्यांनी दुसऱ्यांदा मान वळवली. तेवढ्यात वळणावरून एक मोटरसायकल आली आणि आमच्या पुढून निघून गेली. ती जाईपर्यंत बाबांनी तिच्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "चल," आणि आम्ही पलीकडे गेलो.